सीएसआर बघणारा वेगळा, सस्टेनेबिलिटी बघणारा वेगळा

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेली मुलं नोकरीच्या जाहिराती दाखवतात, तेव्हा 'सीएसआर (म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी) मॅनेजर' आणि 'सस्टेनेबिलिटी (म्हणजे शाश्वतता) मॅनेजर' ही पदं त्यांना एकच वाटतात. दोन्हींत समाज आणि पर्यावरण येतंच, त्यामुळे गोंधळ साहजिक आहे. पण पहिला बघतो नफ्यातून समाजाला काय द्यायचं. दुसरा बघतो तो नफा मिळवताना किती पाणी, वीज लागली आणि बाहेर काय सोडलं.

सीएसआरचं काम कंपनी कायदा, 2013 च्या कलम 135 ला बांधलेलं आहे. आदल्या वर्षी कंपनीने नेटवर्थ (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता) 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यांतला एक आकडा जरी गाठला, तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत यादी दिलेल्या कामांवर खर्चावी लागते. पैसे देणं सोपं वाटतं, पण तसं ते नाही. तलावातला गाळ काढायचा म्हटलं तरी आधी गावात जाऊन बसायचं, ग्रामपंचायतीचा ठराव घ्यायचा, गाळ कोणाच्या शेतात पडणार ते ठरवायचं, काम करणाऱ्या संस्थेची सीएसआर-1 नोंदणी (सीएसआरचं काम घ्यायला लागणारी सरकारी नोंदणी) तपासायची, जेसीबीच्या तासांची वही बिलाशी ताडून बघायची. गाळ काढायचे खरे दिवस एप्रिल-मे, आणि आर्थिक वर्ष संपतं 31 मार्चला. काम सुरुवातीलाच बहुवार्षिक म्हणून मंजूर करून घेतलं, तर उरलेली रक्कम 30 दिवसांत वेगळ्या खात्यात टाकून पुढच्या तीन वर्षांत खर्चता येते. चांगला सीएसआर मॅनेजर इथेच ओळखू येतो. ही सोय असताना मार्चअखेर घाईघाईने दप्तरं वाटली जातात, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

सस्टेनेबिलिटीवाल्याचा दिवस बहुतेक कारखान्याच्या गेटच्या आत जातो. वीजबिलं, जनरेटरचं डिझेल, बोअरच्या मीटरचं रीडिंग, कंत्राटी कामगारांचे अपघात, हे सगळं तो गोळा करतो. बाजारमूल्याने पहिल्या 1000 लिस्टेड कंपन्यांना 2022-23 पासून शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचा बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाच्या जबाबदारीचा आणि शाश्वततेचा अहवाल सक्तीचा आहे. त्यात हे आकडे जातात. त्याची रोजची ओढाताण खरेदी आणि उत्पादन विभागाशी.

एकाचा खर्च दुसऱ्याच्या खात्यात टाकता येत नाही. सांडपाणी शुद्ध करणं कंपनीवर कायद्यानेच बंधनकारक आहे, म्हणून त्या प्लांटचा खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही. गावात कितीही वर्गखोल्या बांधल्या, तरी ओढ्यात सोडलेलं पाणी त्याने स्वच्छ होत नाही.

एका गावच्या बैठकीत एक आजी सीएसआरवाल्याला म्हणाल्या, "शाळा दिलीत, बरं केलंत. पण ओढ्याला फेस कशाचा येतो रे बाबा?" उत्तर त्याच्या खात्यातलं नव्हतं. तरी त्याने तारीख घालून प्रश्न डायरीत लिहून घेतला, आणि सोमवारी कारखान्यात गेल्यावर आधी सस्टेनेबिलिटीच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला.