टोरोंटोकरांच्या वादांचं मूळ: १९९८ चं एकत्रीकरण

टोरोंटोत कुणाशीही शहराबद्दल बोलायला बसा, विषय फिरून तिथेच येतात. स्कारबरोला सबवे कधी मिळणार, गार्डिनर एक्सप्रेसवेच्या डागडुजीचा खर्च कुणी सोसायचा, ब्लूर स्ट्रीटवरच्या सायकल मार्गिका ठेवायच्या की उखडायच्या, मालमत्ता कर एवढा का वाढला. वरवर हे निरनिराळे वाद आहेत. मला मात्र त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट दिसते. १ जानेवारी १९९८ ला सहा पालिका लोकांच्या मर्जीविरुद्ध एकत्र करण्यात आल्या. शहराचं भलं शहराने ठरवायचं की ओंटारिओ प्रांताने, हा प्रश्न त्या दिवसापासून चिघळत राहिला आहे.

प्रांताला हा अधिकार मिळाला १८६७ मध्ये. कॅनडाच्या त्या वर्षीच्या घटना कायद्याच्या कलम ९२ नुसार नगरपालिका हा पूर्णपणे प्रांताचा विषय. शहराला स्वतःचं असं घटनात्मक स्थान नाही. प्रांत शहर स्थापू शकतो, जोडू शकतो, तोडू शकतो. हा अधिकार नेहमी वाईटच वापरला गेला असंही नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर टोरोंटोची उपनगरं झपाट्याने वाढली, पण पाणी आणि सांडपाण्याच्या सोयींना त्यांच्याकडे पैसा नव्हता. तेव्हा ओंटारिओ सरकारने १९५३ मध्ये कायदा करून १३ पालिकांच्या डोक्यावर ‘मेट्रो’ नावाची सामाईक यंत्रणा बसवली. तिचे पहिले अध्यक्ष फ्रेडरिक गार्डिनर. एक्सप्रेसवेला नाव त्यांचंच. मोठे रस्ते, पाणी, सार्वजनिक वाहतूक मेट्रोकडे आणि गल्लीबोळातला कारभार स्थानिक पालिकेकडे, अशी ही विभागणी. १९६७ मध्ये १३ च्या सहा झाल्या: टोरोंटो, नॉर्थ यॉर्क, स्कारबरो, इटोबिको, यॉर्क आणि ईस्ट यॉर्क. ही रचना बऱ्यापैकी चालली, असं माझं मत आहे.

१९७१ मध्ये मेट्रोला हवा असलेला स्पडायना एक्सप्रेसवे प्रीमियर (प्रांताचे मुख्यमंत्री) बिल डेव्हिस यांनी थांबवला. मध्यवर्ती वस्त्या त्यामुळे वाचल्या आणि तिथले लोक आजही त्या निर्णयाचं कौतुक करतात. पण १९९८ वर संतापणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवायला हवं, की दोन्ही वेळी शहरावर चालला तो अधिकार प्रांताचाच होता.

१९९५ मध्ये माइक हॅरिस यांचं कॉन्झर्व्हेटिव्ह सरकार आलं. करकपात आणि सरकारी खर्चात काटछाट हा त्यांचा कार्यक्रम. एग्लिंटन वेस्ट सबवेचं खोदकाम १९९४ मध्ये सुरू झालं होतं. या सरकारने ते थांबवून खड्डा बुजवला. मग सहा पालिका विसर्जित करून एकच महानगर करायचं विधेयक क्रमांक १०३ आणलं. कारण सांगितलं काटकसरीचं. लोक खवळले. माजी महापौर जॉन स्यूअल यांच्या पुढाकाराने नागरिकांची मोहीम उभी राहिली, सभांना गर्दी लोटू लागली. मार्च १९९७ मध्ये सहाही पालिकांनी सार्वमत घेतलं. सुमारे ७६ टक्के मतं विरोधात पडली. सरकारने ती जुमानलीच नाहीत.

त्यानंतर एप्रिलमध्ये ओंटारिओ विधानसभेत जे झालं, ते मुळातून सांगण्यासारखं आहे. विरोधकांनी १२,००० च्या वर दुरुस्त्या मांडल्या. त्यातल्या बहुतेक हुबेहूब सारख्या. फरक फक्त रस्त्याच्या नावाचा. अमुक रस्त्यावरच्या रहिवाशांचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय कायदा लागू करू नये, एवढीच मागणी. शहरातल्या रस्त्यांची नावं इंग्रजी वर्णानुक्रमाने, एकामागून एक, दिवसरात्र वाचली जात होती आणि सत्ताधारी आमदार पाळीपाळीने बसून प्रत्येक दुरुस्ती फेटाळत होते. अशा एका क्षणी त्यांचं लक्ष ढळलं आणि इटोबिकोतल्या कॅफन कोर्ट या लहानशा रस्त्याची दुरुस्ती चक्क मंजूर झाली. ती नंतर सरकारला निस्तरावी लागली. विधेयक अखेर पास झालंच. तरी लोकांच्या गल्लीचं नाव विधानसभेत उच्चारलं गेलं, याचं मोल मला फार वाटतं.

काटकसर काही झाली नाही. सहा ठिकाणचे पगार आणि सेवा एका पातळीवर आणताना खर्च वाढलाच. त्याच सुमारास प्रांताने सामाजिक गृहनिर्माण आणि सार्वजनिक वाहतुकीचा बोजा शहरावर टाकला, गार्डिनरला पश्चिमेकडून जोडलेला प्रांतीय महामार्गाचा तुकडासुद्धा गळ्यात मारला. आजची खड्ड्यांची आणि करांची कुरकुर तिथून सुरू होते. (मॉन्ट्रियलचंही २००२ मध्ये असंच एकत्रीकरण झालं. पण तिथे २००४ मध्ये लोकांना मत देऊ दिलं आणि १५ पालिका पुन्हा वेगळ्या झाल्या. टोरोंटोला ती संधी कधीच मिळाली नाही.)

महानगराच्या पहिल्याच निवडणुकीत जुन्या टोरोंटोच्या महापौर बार्बरा हॉल हरल्या, नॉर्थ यॉर्कचे मेल लास्टमन उपनगरांच्या बळावर निवडून आले. जानेवारी १९९९ च्या बर्फवृष्टीत त्यांनी लष्कर बोलावलं. बाकीचा कॅनडा त्यावरून टोरोंटोला अजून चिडवतो. २०१० मध्ये ही दुफळी नकाशावर लख्ख उमटली. इटोबिकोच्या रॉब फोर्ड यांना उपनगरांनी उचलून धरलं, मध्यवर्ती भाग विरोधात गेला. फोर्ड यांच्या मतदारांना नुसतं मागासलेलं ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. स्कारबरोत थंडीवाऱ्यात बसची वाट बघणाऱ्या माणसाला, शहर आपल्या पैशावर डाउनटाउन सजवतंय असं वाटलं, तर त्याचं अगदीच चूक नव्हतं.

२०१८ मध्ये तर कमालच झाली. रॉब यांचे भाऊ डग फोर्ड प्रीमियर झाले आणि पालिका निवडणुकीचा प्रचार सुरू असतानाच ४७ प्रभागांचे २५ केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२१ मध्ये ५ विरुद्ध ४ अशा निकालाने प्रांत जिंकला. २०२१ च्या जनगणनेनुसार सुमारे २८ लाखांच्या या शहरात एका नगरसेवकाच्या वाट्याला लाखाहून जास्त लोक येतात. २०२३ च्या पोटनिवडणुकीत १०२ उमेदवारांमधून ऑलिव्हिया चाऊ महापौर झाल्या आणि त्याच वर्षी गार्डिनर प्रांताकडे देण्याचा करार झाला. २०२४ मध्ये प्रांताने ब्लूर, यंग आणि युनिव्हर्सिटी या रस्त्यांवरच्या सायकल मार्गिका काढून टाकण्याचा कायदा केला. जुलै २०२५ मध्ये एका न्यायाधीशांनी तो घटनाबाह्य ठरवला, तेव्हा सरकारने अपिलाची वाट धरली.

मिसिसागा-ब्रॅम्प्टनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे सगळं पलीकडच्या शहराचं वाटत असेल, तर पील विभागाचं (या शहरांवरच्या सामाईक यंत्रणेचं) उदाहरण ताजं आहे. मे २०२३ मध्ये पील मोडून मिसिसागा, ब्रॅम्प्टन आणि कॅलेडन स्वतंत्र करायची घोषणा झाली, कायदाही झाला. डिसेंबरमध्ये तो बेत त्याच सरकारने मागे घेतला. पोलीस आणि पाणी यांची विभागणी कशी करायची, यावर दरम्यान तिन्ही पालिकांत वाद पेटला होता, आणि रहिवाशांना ना मोडताना विचारलं गेलं ना जोडून ठेवताना.