मुलींसाठी एनडीए: पात्रता, अर्ज, कागदपत्रं आणि पसंतीक्रमाचा तो एक रकाना

१८ ऑगस्ट २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला आणि मुलींना एनडीएच्या, म्हणजे तिन्ही दलांचे अधिकारी घडवणाऱ्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, परीक्षेला बसता येऊ लागलं. पहिल्या तुकडीत १९ जागा होत्या: भूदलाच्या १०, नौदलाच्या ३, हवाई दलाच्या ६. ३० मे २०२५ ला त्या तुकडीतल्या १७ मुली खडकवासल्याहून दीक्षान्त संचलन करून बाहेर पडल्या. आता अर्ज मुलामुलींचा एकच आहे. तरीही दरवर्षी हुशार मुली अभ्यासात कमी पडून नव्हे, तर कागदात अडकून मागे राहतात. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

कोण अर्ज करू शकतं?

मुलगी अविवाहित हवी आणि प्रशिक्षण संपेपर्यंत लग्न करता येत नाही. अभ्यासक्रम सुरू होताना वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस असावं लागतं. जन्मतारखेची नेमकी मर्यादा प्रत्येक जाहिरातीत छापलेली असते. हिशेब स्वतः न मांडता त्या दोन तारखांशीच ताडून पाहा.

भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते. कला शाखेच्या मुलींना हे अनेकदा कुणी सांगतच नाही! हवाई दल आणि नौदलासाठी मात्र बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित हवं. बारावीत शिकत असताना अर्ज करता येतो, अकरावीत असताना नाही.

अर्ज कसा भरायचा?

परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग घेतो, वर्षातून दोनदा, साधारणपणे एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. अर्ज आयोगाच्या ऑनलाइन पोर्टलवरच भरायचा. २०२५ पासून त्याचे चार टप्पे आहेत: खातं उघडणं, सार्वत्रिक नोंदणी, सामाईक अर्ज आणि मग त्या परीक्षेपुरती माहिती. पहिले तीन टप्पे जाहिरात येण्याआधीच उरकता येतात. तेवढं करून ठेवा. परीक्षा केंद्र आधी अर्ज करणाऱ्याला आधी मिळतं, त्यामुळे शेवटच्या दिवसाची वाट पाहिली तर जवळचं केंद्र हातचं जातं.

मुलींना परीक्षा शुल्क माफ आहे. सायबर कॅफेवाला फॉर्म भरण्याची स्वतःची मजुरी घेईल, पण ‘परीक्षा फी’ म्हणून कुणालाही पैसे देऊ नका.

सगळ्यात मोठी अडचण येते ती नावाची. आपल्या बोर्डाच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आधी आडनाव, मग स्वतःचं आणि मग वडिलांचं नाव असतं. आधारवर बहुतेकदा आडनाव शेवटी. त्यातच कुठे ‘वैष्णवी’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. अर्जात नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच लिहायची. आधारवर फरक असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्या.

पसंतीक्रम

कुठलं दल आधी हवं, हा क्रम अर्जातल्या एका रकान्यात भरायचा असतो. लढाऊ भूमिकेत जायचं स्वप्न असेल तर या रकान्याला पूर्ण संध्याकाळ द्या. पायदळ, रणगाडा दल आणि यांत्रिकी पायदळ ही भूदलाची तीन दारं स्त्री अधिकाऱ्यांना आजही बंद आहेत. तोफखान्याचं दार उघडलं ते २०२३ मध्ये, पाच अधिकाऱ्यांपासून. हवाई दलात २०१६ पासून स्त्रिया लढाऊ विमानं चालवतात. पहिल्या तिघी अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह. ‘सैन्यात जायचंय’ एवढं मनाशी ठरवून भागत नाही, कुठल्या दलात काय करायला मिळतं हे कळल्यावरच क्रम लावावा. फ्लाइंगला, म्हणजे हवाई दलाच्या वैमानिक शाखेला, पहिली पसंती देणार असाल तर हे लक्षात घ्या की वैमानिक निवडीची संगणकीय चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. उंचीचा निकषही तिथे इतर शाखांपेक्षा जास्त आहे.

लेखी परीक्षा आणि मुलाखत

गणित ३०० गुणांचं, सामान्य क्षमता चाचणी ६०० गुणांची, दोन्ही पेपर अडीच-अडीच तासांचे. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एक तृतीयांश कापतात. प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीतच असते.

लेखी निकालानंतर दोन आठवड्यांत भूदलाच्या भरती संकेतस्थळावर वेगळी नोंदणी करावी लागते. ही सगळ्यात जास्त विसरली जाणारी पायरी. ईमेल आयोगाला दिलेलाच वापरा.

एसएसबी, म्हणजे सेवा निवड मंडळाची मुलाखत, पाच दिवसांची आणि ९०० गुणांची. पहिल्याच दिवशी चाळणी होते, न टिकलेले त्याच दिवशी परततात. मानसशास्त्रीय चाचणीत साठ शब्द येतात, प्रत्येकाला पंधरा सेकंद. शब्द वाचायचा, मनात आलेलं वाक्य लिहायचं, तोवर पुढचा शब्द समोर. पाठ केलेली वाक्यं इथे टिकत नाहीत. मैदानावर दहा अडथळ्यांसाठी तीन मिनिटं मिळतात. दोरावर चढणं, उंचावरून उडी मारणं याचा सराव गावच्या तालमीत किंवा शाळेच्या मैदानावर आधीपासून करा. शिफारस झाली की लष्करी रुग्णालयात वैद्यकीय तपासणी होते.

सोबत काय न्यायचं?

दहावीचं मूळ प्रमाणपत्र, कारण जन्मतारखेचा तोच पुरावा धरतात. बारावीची मूळ गुणपत्रिका, आणि निकाल लागायचा असेल तर प्राचार्यांचं पत्र. शिवाय साक्षांकित प्रती, फोटो, ओळखपत्र आणि बोलावणं आल्याचं पत्र. मूळ प्रमाणपत्र कॉलेजात जमा असेल तर एसएसबीच्या आधीच सोडवून आणा.

मुलगी अजून दहावीत असेल तर नाशिकच्या मुलींसाठीच्या शासकीय सैनिकी सेवापूर्व प्रशिक्षण संस्थेच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. तिथला प्रवेश दहावीनंतर, अकरावीला होतो.