घरी व्यायाम केला का? फिजिओथेरपीतल्या दूरस्थ देखरेखीची पार्श्वभूमी

१ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य योजनेत फिजिओथेरपीसाठी एक नियम सैल झाला. रुग्ण घरी करत असलेल्या व्यायामावर सेन्सर किंवा ॲपमधून लक्ष ठेवलं, तर त्या उपकरणाचे पैसे मिळायला आधी तीस दिवसांपैकी किमान सोळा दिवसांची नोंद लागायची. आता दोन ते पंधरा दिवसांच्या नोंदीसाठीही वेगळा कोड, म्हणजे बिलावर लावून पैसे मागायचा क्रमांक, आहे. बातमी म्हणून कोरडीच. पण हा सोळाचा आकडा आला कुठून आणि फिजिओंना तो चार वर्षं का खुपत होता, याचा माग काढला की या व्यवसायाची एक जुनी अडचण हाती लागते. फिजिओच्या नजरेआड रुग्ण काय करतो, हे त्याला कधीच धड कळत आलेलं नाही.

सुरुवातीला ही अडचण फारशी नव्हती, कारण रुग्ण समोरच असायचा. पहिल्या महायुद्धातून जायबंदी होऊन आलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेत ज्या स्त्रिया प्रशिक्षित झाल्या, त्यांच्यापासून तिथला हा व्यवसाय उभा राहिला. त्यांच्यातल्या मेरी मॅकमिलन १९२१ साली स्थापन झालेल्या संघटनेच्या पहिल्या अध्यक्ष. पुढे पोलिओच्या साथींनी या कामाला खरी मागणी आणली. आपल्याकडेही गोष्ट वेगळी नाही. मुंबईत पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं देशातलं पहिलं विद्यालय निघालं, ते पोलिओच्याच पार्श्वभूमीवर आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने. रुग्ण आठवडेच्या आठवडे वॉर्डात. उपचार हाताने, तोही रोज.

मग इस्पितळातला मुक्काम आखडत गेला. गुडघेबदलाच्या शस्त्रक्रियेनंतर पूर्वी आठवडा-दोन आठवडे कॉटवर असणारा रुग्ण आता दोन-तीन दिवसांत वॉकर धरून घरी जातो. फिजिओ त्याला आठवड्यातून दोनदा-तीनदा भेटणार, प्रत्येक वेळी पाऊण तास. बाकीचं काम व्यायामाच्या झेरॉक्सवर: टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून दाबा, दहा आकडे मोजा, टाच सरकवत पाय जवळ घ्या, दिवसातून तीनदा. पुढच्या भेटीला पहिला प्रश्न ठरलेला, "घरी केला का व्यायाम?" उत्तरही ठरलेलं, "हो, केला ना."

फिजिओच्या खिशातला गोनिओमीटर इथे अर्धीच मदत करतो. त्याची एक पट्टी मांडीच्या रेषेत, दुसरी नडगीच्या रेषेत धरली की गुडघा ७० अंश वाकतो की ९५, ते समजतं. पण ७०च का, याचं उत्तर त्या पट्टीवर नसतं. सूज आहे? दुखतंय म्हणून पाय हलवलाच नाही? की सांगितलेलं सगळं करूनही सांधा आखडला? तिन्ही शक्यतांवर इलाज वेगवेगळा. १९९३ साली नेदरलँड्समधल्या एका मोठ्या अभ्यासात, सांगितलेला व्यायाम पूर्णपणे करणारे रुग्ण जेमतेम एक तृतीयांश निघाले, आणि तेही रुग्णांनी स्वतःच दिलेल्या माहितीनुसार.

रुग्णाच्या शब्दावर किती विसंबायचं, याचा सगळ्यात बोचरा पुरावा मात्र फिजिओथेरपीतून आला नाही, वेदनेच्या संशोधनातून आला. २००२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आर्थर स्टोन आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. जुनाट वेदना असलेले ८० प्रौढ. काहींना वेदनेची रोजनिशी भरायला कागदी वही दिली, काहींना हातात मावणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण. दिवसातून तीनदा, ठरलेल्या वेळी नोंद करायची. कागदी वहीच्या कव्हरमध्ये प्रकाश ओळखणारा छोटा सेन्सर दडवला होता. वही केव्हा उघडली आणि केव्हा मिटली, ते तो टिपून ठेवत होता, आणि वही वापरणाऱ्यांना याचा पत्ता नव्हता.

वह्या परत आल्या तेव्हा कागदावर ९० टक्के नोंदी वेळेवर झालेल्या दिसत होत्या. सेन्सरच्या हिशेबाने वेळेवर झालेल्या नोंदी होत्या ११ टक्के. जवळजवळ एक तृतीयांश दिवशी वही उघडलीच गेली नव्हती, तरी त्या दिवसांची पानं नीट भरलेली. भेटीला जाण्यापूर्वी बसून मागची पानं भरायची, हा आपल्या शाळकरी शुद्धलेखनाच्या वहीचाच प्रकार. इलेक्ट्रॉनिक उपकरणवाल्यांच्या नोंदी ९४ टक्के वेळेवर होत्या, कारण वेळ टळली की उपकरण नोंद घेतच नव्हतं. माझ्या मते हे सगळे लोक खोटारडे नव्हते. त्यांना डॉक्टरांना नाराज करायचं नव्हतं, इतकंच. पण कागदी तक्त्याच्या भरवशावर उपचार ठरवणाऱ्यांची झोप उडावी असेच हे आकडे आहेत.

म्हणजे मापायचं यंत्र हवं होतं, आणि ते दुसऱ्याच घरांत वाढत होतं. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातले नॉर्मन होल्टर यांनी चाळिशीच्या दशकात चालत्याफिरत्या माणसाचा ईसीजी रेडिओलहरींनी पाठवायचा खटाटोप केला, तेव्हा ते यंत्र पाठीवर वाहायचं होतं आणि वजन चाळीस किलोंच्या घरात. साठच्या दशकात नासाने अंतराळवीरांच्या नाडीचे ठोके आणि श्वास जमिनीवरून पाहिले. टोकियो ऑलिम्पिकनंतर, १९६५ साली जपानात कमरेला लावायचा पावलं मोजणारा 'मानपो-केई' विकायला आला. दिवसाला दहा हजार पावलांचा जो मंत्र आज जो तो जपतो, तो त्या जाहिरातीतला. नव्वदच्या दशकात मोटारीच्या एअरबॅगसाठी सिलिकॉनच्या चिपवरचे त्वरणमापक, म्हणजे हालचाल टिपणारे सेन्सर, स्वस्तात बनू लागले आणि पुढे तेच फोनमध्ये शिरले. फिजिओथेरपीसाठी म्हणून यातलं काहीच जन्माला आलं नाही.

व्हिडिओ गेमचंही तेच. २०१० च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने किनेक्ट आणला. टीव्हीपाशी ठेवायचा कॅमेरा, जो समोरच्या माणसाचे सांधे ओळखतो. खेळायला आणलेलं हे यंत्र संशोधकांनी लगोलग पुनर्वसनाच्या कामाला जुंपलं. त्यावर चालणाऱ्या 'व्हेरा' या प्रणालीत पडद्यावरची बाहुली व्यायाम करून दाखवते, रुग्ण तिच्यासोबत करतो, आणि किती वेळा, किती अंशात केलं ते फिजिओकडे पोचतं. गुडघेबदल झालेल्या ३०६ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये छापून आले: गुडघ्याचं काम नेहमीच्या उपचाराइतकंच सुधारलं आणि बारा आठवड्यांचा खर्च सरासरी सुमारे २,७०० डॉलरने कमी झाला. मात्र तोवर मायक्रोसॉफ्टने किनेक्टचं उत्पादन थांबवून दोन वर्षं उलटली होती. दुसऱ्याच्या धंद्यातल्या यंत्रावर आपली उपचारपद्धती उभारण्यात ही जोखीम असतेच.

व्हिडिओ कॉलवरची फिजिओथेरपी हा याचा सख्खा भाऊ, पण वेगळा. तिथे फिजिओ आणि रुग्ण एकाच वेळी पडद्यावर असतात. ऑस्ट्रेलियात ट्रेव्हर रसेल यांच्या गटाने २०११ मध्ये आणि कॅनडातल्या क्यूबेकमध्ये २०१५ साली २०५ रुग्णांवर झालेल्या चाचणीने दाखवून दिलं, की गुडघेबदलानंतर असे उपचार प्रत्यक्ष भेटीपेक्षा कमी पडत नाहीत. पुरावा होता. पैसे द्यायला मात्र कोणी तयार नव्हतं, आणि अमेरिकेत ज्याला बिलिंग कोड नाही ते दवाखान्यात टिकत नाही.

२०१९ मध्ये मेडिकेअरने दूरस्थ देखरेखीचे कोड मोठ्या प्रमाणावर खुले केले, तेव्हा नजर रक्तदाब, वजन, साखर यांवर होती. हे कोड डॉक्टर आणि तत्सम व्यावसायिकांनाच लावता येत. फिजिओ बाहेरच. कोविडमध्ये दवाखाने बंद पडले आणि ३० एप्रिल २०२० रोजी फिजिओंना तात्पुरती का होईना, व्हिडिओ भेटींची मुभा मिळाली. त्यानंतर १ जानेवारी २०२२ पासून 'रिमोट थेरप्युटिक मॉनिटरिंग', म्हणजे आरटीएम या नावाचे नवे कोड आले आणि त्यांत स्नायू-सांध्यांसाठी स्वतंत्र कोड होता. उपकरणापोटी महिन्याला सुमारे ५५ डॉलर. शिवाय नोंदी पाहून रुग्णाशी बोलण्यात गेलेल्या वेळेचे वेगळे.

सोळा दिवसांची अट आली ती आधीच्या कोडांमधून. रक्तदाब रोज मोजायचा असतो, तिथे महिन्यातले सोळा दिवस ही माफक अपेक्षा. पण खांद्याच्या किंवा पाठीच्या रुग्णाला फिजिओ बऱ्याचदा ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीनदाच सांगतात. रुग्णाने एकही दिवस न चुकवता सगळं केलं, तरी महिन्याकाठी तेरा दिवस भरतात. आज्ञाधारक रुग्ण, नेटका कार्यक्रम आणि बिल नामंजूर. नाहीतर मग बिलासाठी रोज काहीतरी भरायला लावायचं. २०२६ च्या दुरुस्तीने ही ओढाताण बरीच कमी केली. देखरेखीच्या वेळेचा कोडही आता वीसऐवजी दहा मिनिटांपासून सुरू होतो.

एक गंमत मात्र तशीच आहे. आरटीएममध्ये रुग्णाने स्वतः भरलेली माहितीही ग्राह्य धरतात, फक्त ती ज्या सॉफ्टवेअरमध्ये भरायची ते अमेरिकी कायद्यातल्या वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत बसलं पाहिजे. म्हणजे "आज व्यायाम केला, वेदना दहापैकी चार" असं बटण दाबलं की ती नोंद झाली. वहीच्या कव्हरमधल्या सेन्सरपासून निघून आपण पुन्हा रुग्णाच्या शब्दावरच आलो. फरक इतकाच, की आता नोंदीवर वेळेचा शिक्का असतो, त्यामुळे भेटीच्या आदल्या रात्री महिन्याभराची पानं भरून काढणं लपत नाही. मला ही तडजोड वाईट वाटत नाही. वेदना किती, हे सेन्सर सांगू शकत नाही. ते माणसालाच विचारावं लागतं.

दुसरं टोकही गाठून झालंय. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने अशा कृत्रिम गुडघ्याला वाट मोकळी करून दिली, ज्याच्या नडगीच्या हाडातल्या दांड्यातच सेन्सर बसवलेला आहे. पावलं, चालण्याचा वेग, गुडघ्याची हालचाल अशी माहिती तो रात्री उशाशी ठेवलेल्या यंत्राकडे पाठवतो. इथे रुग्णाने विसरायचा प्रश्नच नाही. आणि नको वाटलं तर काढून ठेवायचीही सोय नाही.

महाराष्ट्रात ही देखरेख चालते ती बहुतांशी व्हॉट्सॲपवर. मुलगी आईच्या व्यायामाचा व्हिडिओ काढून पाठवते, फिजिओ रात्री दवाखाना आवरल्यावर तो बघतो आणि "मावशी, टाच उचलू नका" असा आवाजी निरोप टाकतो. या वेळेचे पैसे तो सहसा लावत नाही, आणि लावले तरी ते घरच्याच खिशातून जाणार, कारण आपला आरोग्यविमा अजून मुख्यतः इस्पितळात दाखल होण्याशी बांधलेला आहे. फिजिओथेरपीला राष्ट्रीय पातळीवर वैधानिक आयोगाखाली आणणारा कायदा २०२१ चा, वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा. मावशींचा तो व्हिडिओ फिजिओच्या फोनमध्ये किती दिवस राहावा, हे सध्या तरी फिजिओच ठरवतो.