क्लेप्टोमेनिया वेगळा, बुलिमियातली चोरी वेगळी

खात्यापित्या घरातल्या मुलीच्या पर्समध्ये दुकानातून उचललेली वस्तू सापडली, की शिक्का तयारच असतो: क्लेप्टोमेनिया, म्हणजे चोरीची ऊर्मी आवरता न येण्याचा आजार! हा शब्द असा वाटेल तिथे चिकटवणं आता थांबवायला हवं.

बुलिमिया बहुतेकांना ठाऊक आहे. थोड्या वेळात बेसुमार खाणं आणि मग ओकारी, जुलाबाच्या गोळ्या किंवा कडक उपास. सरासरी आठवड्यातून एकदा तरी, असं ३ महिने.

घोळ होतो तो चोरीपाशी. क्लेप्टोमेनिया असो वा बुलिमियातली चोरी, दोन्हींत आधी ताण चढतो, वस्तू उचलली की सुटल्यासारखं वाटतं आणि मागाहून शरम. म्हणून ‘तेव्हा तुला काय वाटलं?’ या प्रश्नातून काहीच उलगडत नाही. विचारा, काय उचललं आणि पुढे त्याचं काय झालं? क्लेप्टोमेनियात ती वस्तू नकोच असते. ती खणात पडून राहते, कुणाला तरी देऊन टाकली जाते, कधी गुपचूप परत ठेवली जाते. बुलिमियात वस्तू हवी असते: बिस्किटांचे पुडे, चॉकलेटं, जुलाबाच्या गोळ्या, नाहीतर आईच्या पाकिटातले पैसे, ज्यांचं शेवटी खाणंच येतं. एका वेळचं एवढं खाणं रोज विकत घेणं परवडत नाही, आणि इतके पुडे काउंटरवर ठेवायची लाज वाटते.

शिवाय उपासमारही चोरी करायला लावते. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांच्यातही गोळ्या-चॉकलेटं चोरण्यापर्यंत मजल गेली.

दोन्ही आजार एकत्र असू शकतात. खाणं सावरल्यावरही नको असलेल्या वस्तू उचलणं सुरूच राहिलं, तर क्लेप्टोमेनियाचा विचार करावा. त्यात चोरीच्या ऊर्मीवरच काम करणारी थेरपी लागते, कधी नाल्ट्रेक्झोनसारखं औषध. बुलिमियात आधी जेवणाची घडी बसवतात: ३ जेवणं, मध्ये २-३ वेळा थोडं खाणं, ४ तासांहून मोठा खंड नाही. ‘चोरी केलीस ना, मग आज जेवण बंद’ ही शिक्षा तर सगळ्यांत घातक, कारण त्या उपाशीपणातूनच पुढचं अधाशी खाणं येतं.

मानसोपचारतज्ज्ञ कुठे शोधायचा कळत नसेल, तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं. आणि ओकाऱ्या होत असतील तर रक्तातलं पोटॅशियम लगेच तपासून घ्या. ते घसरलं की हृदयाचे ठोके बिघडतात, वजन अगदी नेहमीसारखं दिसत असतानाही.