सात नंबर किती जातो?

रविवारी सकाळी पुण्यातल्या कुठल्याही गोल्फ रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर जा, अर्ध्या तासात एक प्रश्न हमखास कानावर येतो: "तुमचा सात नंबर किती जातो?" म्हणजे सात नंबरच्या काठीने मारलेला चेंडू किती लांब जातो? उत्तरही ठरलेलं असतं. दीडशे. पोट सुटलेले पन्नाशीतले काका असोत नाहीतर कॉलेजातला पोरगा, सात नंबर सगळ्यांचाच दीडशे यार्ड जातो. माझाही जायचा. मग एकदा फटके मोजणाऱ्या रडार यंत्रापुढे उभं राहायची वेळ आली. मॅटवर नाही, खऱ्या गवतावर. सात नंबरने दहा चेंडू मारले. हवेतून किती यार्ड गेले ते आकडे क्रमाने असे: १५१, १४३, ११८, १३९, १४६, ६२, १३४, १२८, १४१, १०९.

पहिलाच चेंडू १५१! मी मागे वळून बघितलंसुद्धा, कुणी पाहिलं का म्हणून. सहावा, तो ६२ वाला, टॉप झाला, म्हणजे काठी चेंडूच्या वरच्या भागाला लागली. दहाव्याला चेंडूच्या आधी जमीन लागली. दहांची सरासरी आली १२७.

गोल्फ न खेळणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. सात नंबर ही आयर्न प्रकारातली काठी. आयर्न म्हणजे खालच्या टोकाला पातळ पोलादी हेड असलेल्या काठ्या. नंबर वाढत जातो तशी काठी आखूड होते आणि तिचा फेस, म्हणजे हेडची चेंडूला लागणारी बाजू, जास्त मागे कललेला असतो. या कलाला लोफ्ट म्हणतात. एका नंबरामागे लांबीत साधारण अर्धा इंच आणि लोफ्टमध्ये साधारण चार अंशांचा फरक असतो. म्हणून पाच नंबरचा चेंडू खालून आणि लांब जातो, नऊ नंबरचा उंच आणि जवळ. हँडिकॅप म्हणजे ढोबळपणे, कोर्सच्या रेटिंगपेक्षा तुम्हाला चांगल्या दिवशी किती फटके जास्त लागतात तो आकडा. शून्य हँडिकॅपवाला स्क्रॅच गोल्फर. विसाच्या आसपासचा बोगी गोल्फर. क्लबात भेटणाऱ्या हौशी मंडळींपैकी बरेचसे या दुसऱ्या गटात किंवा त्याच्याही पलीकडे असतात. मीही त्यांतलाच.

आता व्यावसायिकांचे आकडे बघू. अमेरिकेतल्या पीजीए टूरवरच्या पुरुष खेळाडूंची ट्रॅकमॅनच्या रडारने मोजलेली सरासरी बरीच वर्षं सगळीकडे वापरात आहे. त्यात सात नंबरचं हेड ताशी ९० मैल वेगाने चेंडूवर येतं, चेंडू ताशी १२० मैलांनी सुटतो आणि १७२ यार्ड हवेतून जातो. एलपीजीए टूरवरच्या महिलांचे आकडे आहेत ७६, १०४ आणि १४१.

या महिलांच्या आकड्यांपाशी जरा थांबू या. रडारने माझ्या हेडचा वेग ताशी ८० मैल दाखवला होता. म्हणजे मी एलपीजीएच्या सरासरी खेळाडूपेक्षा जोरात काठी फिरवतो. आणि चेंडू तिच्यापेक्षा सरासरी १४ यार्ड मागे टाकतो. ताकद कमी पडते, वय झालं, जिम लावायला हवी, हे सगळे बहाणे इथे संपतात.

मग ती जास्तीची ताकद जाते कुठे?

चेंडूचा वेग भागिले हेडचा वेग, या गुणोत्तराला गोल्फवाले स्मॅश फॅक्टर म्हणतात. पीजीएच्या सात नंबरचा स्मॅश फॅक्टर १२० भागिले ९०, म्हणजे १.३३. एलपीजीएचा १.३७. चेंडू जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा असतो, तेवढीच परवानगी आहे. सात नंबरचं हेड साधारण २७० ग्रॅमचं. जड वस्तू हलक्या वस्तूवर आदळली की हलकी वस्तू जडपेक्षा वेगाने सुटते, हे कॅरमच्या स्ट्रायकरने सोंगटी मारणाऱ्या प्रत्येकाने पाहिलंय. दोघांची गाठ पडते ती सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापुरती. तेवढ्यात चेंडू फेसवर चपटा होतो, पुन्हा गोल होतो आणि निघून जातो. त्या क्षणी फेसचा नेमका कुठला भाग चेंडूला भेटला आणि तो किती कललेला होता, यावर पुढचं सगळं ठरतं.

चेंडू मधोमध न लागता टोकाकडे किंवा टाचेकडे लागला की हेड शाफ्टभोवती, म्हणजे काठीच्या दांड्याभोवती वळतं. जी ऊर्जा चेंडूला जायची, ती हेड फिरवण्यात जाते. हाताला बसणारा तो झिणझिण्या आणणारा झटका म्हणजे चेंडूच्या वाट्याची ऊर्जा मनगटात आलेली असते. दुसरी गोष्ट कलाची. नवशिक्याला वाटतं की चेंडू उचलायचा आहे, म्हणून तो मनगटं पुढे झटकून चेंडू खालून पळीने काढल्यासारखा मारतो. फेस आणखी मागे कलतो, फटका तिरका बसतो, चेंडू वर जातो पण पुढे जात नाही. व्यावसायिक खेळाडू नेमकं उलट करतात. हेड खाली येत असतानाच चेंडूला लागतं, सात नंबरला साधारण चार अंश खालच्या दिशेने, आणि गवताचा तुकडा निघतो तो चेंडूच्या पुढचा. माझा निघतो मागचा.

या सगळ्यात स्मॅश फॅक्टर १.३७ वरून १.२ वर आला असं धरा आणि हिशोब करा. ८० गुणिले १.२ म्हणजे चेंडूचा वेग ताशी ९६ मैल. वर दिलेल्या दोन टूरच्या आकड्यांची तुलना केली तर चेंडूच्या वेगातल्या ताशी एका मैलामागे जवळजवळ दोन यार्ड पडतात. म्हणजे १०४ मैलांना १४१ यार्ड, तर ९६ मैलांना १२५ च्या आसपास. माझी सरासरी १२७. उलट त्याच ८० मैलांना १.३७ ने गुणलं तर चेंडूचा वेग ११० च्या जवळ जातो आणि अंतर होतं १५० च्या थोडं वर. तो माझा पहिला चेंडू! दीडशे हा आकडा खोटा नाही, तो दहातून एकदा खरा असतो.

हौशी गोल्फरची पत ओळखायला यंत्र लागतंच असं नाही. त्याची काठी उलटी करून फेस बघा. चांगल्या खेळाडूच्या वापरलेल्या आयर्नवर एकाच जागी, मधल्या भागात, रुपयाच्या नाण्याएवढा घासलेला डाग असतो. बाकी फेस जवळजवळ नवा. मी एकदा माझ्या सात नंबरवर पायाला मारायच्या पावडरचा स्प्रे मारून वीस चेंडू मारले. पांढऱ्या थरावर चेंडूंचे ठसे उमटले: दोन टाचेपाशी, पाच टोकाकडे, एक अगदी खालच्या कडेला अर्धा कापल्यासारखा, बाकीचे मधल्या भागाच्या आसपास विखुरलेले. अंगणात सांडलेल्या चिंचोक्यांसारखे. माझा हँडिकॅप त्या फेसवर लिहिलेला होता.

कोर्सची काठिण्यपातळी ठरवताना अमेरिकेची यूएसजीए ही संस्था दोन नमुन्याचे पुरुष खेळाडू धरते. स्क्रॅच गोल्फर टीवरून, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवरून, २५० यार्ड मारतो आणि ४७० यार्डांच्या होलचं ग्रीन, म्हणजे जिथे खड्डा असतो ती बारीक कापलेली हिरवळ, दोन फटक्यांत गाठतो. बोगी गोल्फर २०० यार्ड मारतो आणि दोन फटक्यांत ३७० गाठतो. महिलांसाठी हेच आकडे २१० आणि ४००, १५० आणि २८०. म्हणजे पुरुषांमध्ये वीस हँडिकॅपवाला स्क्रॅचवाल्याच्या साधारण ८० टक्के अंतर मारतो. स्क्रॅचवाल्याचा सात नंबर १६० ते १६५ यार्ड धरला तर बोगीवाल्याचा १३० च्या आसपास यायला हवा. आणि माझ्या ओळखीतली प्रामाणिक माणसं, जी बोटावर मोजण्याइतकी आहेत, तेवढाच सांगतात.

हे अंतर प्रत्येक काठीला सारख्या प्रमाणात कमी होत नाही. गंमत इथे आहे. पीजीएवाल्यांचे पाच, सहा, सात, आठ नंबर अनुक्रमे १९४, १८३, १७२ आणि १६० यार्ड जातात. पायऱ्या कशा एकसारख्या. हळू आणि वेडंवाकडं मारणाऱ्याच्या मात्र वरच्या पायऱ्या खचतात. त्याचा पाच नंबर सात नंबराइतकाच जातो, कधी कमीच. कारण समजायला १८९० च्या दशकातल्या एडिनबराला जावं लागेल.

तिथे पीटर गथ्री टेट नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. गोल्फचं प्रचंड वेड. नुसत्या फेकलेल्या दगडाचं गणित लावलं तर गोल्फचा चेंडू इतका वेळ हवेत राहूच शकत नाही, हे त्यांना खटकत होतं. उत्तर निघालं उलट्या गिरकीत. चेंडू मागच्या बाजूला फिरत पुढे जातो, त्याच्यामागची हवा खाली ढकलली जाते आणि चेंडू वर उचलला जातो. गिरकी मोजायला हाय-स्पीड कॅमेरा कुठून आणणार? त्यांनी चेंडूला फीत बांधली, जवळच ठेवलेल्या ओल्या मातीत चेंडू मारला आणि फितीला किती पीळ पडले ते मोजले. त्यांचा मुलगा फ्रेडी १८९६ आणि १८९८ साली ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धा जिंकला, आणि १९०० मध्ये बोअर युद्धात मारला गेला. आयुष्यभर हौशीच राहिला. घरात एक जण चेंडू का उडतो ते शोधतोय आणि दुसरा तो उडवतोय!

आज रडार सांगतं की पीजीएवाल्याचा सात नंबरचा चेंडू मिनिटाला ७१०० च्या आसपास गिरक्या घेतो, सेकंदाला ११८. पण नुसत्या गिरकीने चेंडू उचलला जात नाही, वेगही लागतो. पाच नंबरचा लोफ्ट कमी, म्हणून चेंडू खालून सुटतो आणि त्याला वर नेण्याचं काम हवेने करायचं असतं. १३० मैलांच्या वेगाने सुटलेल्या चेंडूला हवा उचलते. ९५ मैलांनी निघालेला चेंडू तेवढी उचल मिळायच्या आतच खाली बसतो. सात नंबर निदान जन्मतःच वर जातो. म्हणून पंचवीस हँडिकॅपवाल्याच्या बॅगेतले तीन आणि चार नंबर हे बहुतेक वेळा शोभेचे असतात. त्यांच्या जागी हायब्रिड, म्हणजे चेंडू सहज वर नेणारी जाड हेडची काठी ठेवावी, एवढं मी कुणालाही विनासंकोच सांगेन.

आकड्यांची अजून एक गडबड. काठीवरच्या नंबराला कुठल्याच नियमाचं बंधन नाही. चार दशकांपूर्वी सात नंबर ३६ अंशांच्या आसपास असायचा. आज हौशींसाठी विकल्या जाणाऱ्या कित्येक सात नंबरांचा लोफ्ट २८ ते ३० अंश असतो, म्हणजे जुन्या काळचा पाच. नवीन सेट घेतल्यावर "एकदम पंधरा यार्ड वाढले" असं सांगणाऱ्याला हे सांगू नये, मैत्री तुटते. तंत्रज्ञान सुधारलंय हे खरं, हेडचं वजन खाली सरकवल्याने तो कमी लोफ्टचा चेंडूही वर जातो. पण वाढलेल्या यार्डांतला मोठा वाटा कपाळावरचा आकडा बदलल्याचा आहे.

हवेचंही थोडं देणंघेणं असतं. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर, त्यामुळे इथली हवा मुंबईपेक्षा विरळ. हजार फुटांमागे साधारण एक टक्का, या हिशोबाने १५० यार्डांच्या फटक्याला तीनेक यार्डांचा फायदा. चेंबूरला खेळायला गेलेले पुणेकर "दमट हवेत चेंडू जड होतो" म्हणून तक्रार करतात. प्रत्यक्षात पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, दमट हवेत चेंडूला विरोध किंचित कमीच होतो. जड होतो तो घामाने भिजलेला खेळाडू.

हे सगळं पाठ असूनही कोर्सवर माणूस माणूसच राहतो. आमच्या कोर्सवर एक होल आहे, ग्रीनसमोर तळं. परवा माझा चेंडू असा पडला होता की पाणी पार करायला बरोबर १४० यार्ड हवेतून जाणं भाग होतं. वर दिलेली यादी पुन्हा पाहा. दहापैकी चारच चेंडू १४० च्या वर आहेत. बाकीचे सहा पाण्यात. माझे कॅडी साठीच्या घरातले, तीस वर्षं लोकांच्या बॅगा उचलतायत.

"सात द्या," मी म्हणालो.

"सात नाही साहेब, सहा घ्या."

"अहो, माझा सात दीडशे जातो."

ते काही बोलले नाहीत. सहा नंबर अर्धा बाहेर काढून बॅग माझ्यापुढे धरली. कॅडीला खेळाडूचा सर्वोत्तम फटका आठवत नाही, त्याला सगळे फटके आठवतात. मी सहा घेतला. काठी खाली आणली आणि चेंडूच्या दोन इंच मागे जमीन फोडली. गवताचा हा एवढा मोठा ढलपा चेंडूच्या पाठोपाठ उडाला आणि दोन्ही पाण्यात पडले, चेंडू जरा पुढे.

"पाच द्यायला हवा होता," कॅडी पुटपुटले.

पाचनेही माझा चेंडू तिथेच पडला असता, पण तेव्हा त्यांना ते सांगायच्या मनःस्थितीत मी नव्हतो. मी दुसरा चेंडू मागितला.