ॲब्लेशन: भाजून की गोठवून?

एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांची, अलिंदांची, विस्कळीत धडधड. त्यासाठी ॲब्लेशन, म्हणजे बिघाडाच्या जागच्या पेशी मारणं, ठरलं की दोन नावं कानावर पडतात, रेडिओफ्रिक्वेन्सी आणि क्रायोबलून. दुसरं नवीन, म्हणजे तेच चांगलं, असा अनेकांचा समज होतो. खरं तर दोन्हींचं काम एकच.

1998 मध्ये फ्रान्समधल्या बोर्डोच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की अधूनमधून उद्भवणाऱ्या या विकारात ठिणगी बहुतेक वेळा फुफ्फुसाकडून डाव्या अलिंदात येणाऱ्या शिरांमध्येच पडते. तेव्हा या शिरांच्या तोंडाभोवती मृत पेशींचं कडं करून विजेची वाट बंद करायची. जांघेतल्या शिरेतून कॅथेटर, म्हणजे बारीक लवचिक नळी, आत जातो आणि दोन अलिंदांमधल्या पडद्यातून पलीकडे उतरतो. इथवर दोन्हींत फरक नाही.

रेडिओफ्रिक्वेन्सीत कॅथेटरच्या टोकाशी ऊती तापवतात. साधारण 50 अंश सेल्सिअसच्या वर पेशी कायमच्या मरतात. संगणकाच्या पडद्यावर अलिंदाचा त्रिमितीय नकाशा असतो आणि त्यावर एकेक बिंदू जोडत कडं पुरं होतं. हे चिकाटीचं काम आहे. मध्ये बारीकशी फट राहिली तरी वीज तिथून निसटते आणि काही महिन्यांनी धडधड परत सुरू होते.

क्रायोबलूनमध्ये शिरेच्या तोंडाशी साधारण 28 मिलिमीटरचा फुगा फुगवतात. एक्स-रेत दिसणारा डाय सोडून तोंड पूर्ण बंद झालंय का ते पाहतात आणि मग फुग्यात नायट्रस ऑक्साइड खेळवून तीन-चार मिनिटं गोठवतात. फुगा नीट बसला असेल, तर एका दमात सगळं कडं होतं.

खरी धाकधूक उजवीकडच्या वरच्या शिरेपाशी. तिच्या शेजारूनच श्वासपटल हलवणारी फ्रेनिक नस जाते, आणि थंडीनं तिला इजा होऊ शकते. म्हणून गोठवताना त्या नसेला वरून सतत विजेचे ठोके देतात आणि कुणीतरी पेशंटच्या बरगडीखाली हात ठेवून पोटाचे झटके मोजत असतं. झटका मंदावला की गोठवणं तिथल्या तिथे थांबवायचं. बहुतेकदा नस पुढे सावरते. रेडिओफ्रिक्वेन्सीत ही भीती फारच कमी.

2016 च्या ‘फायर अँड आइस’ चाचणीत, साडेसातशेहून अधिक रुग्णांमध्ये, क्रायोबलून परिणामात कमी पडला नाही. प्रोसिजरला वेळ कमी लागला, एक्स-रे मात्र थोडा जास्त. मग निवड कशावर करायची? माझ्या मते शिरांच्या ठेवणीवर आणि डॉक्टरांचा हात कशावर बसलाय त्यावर. शिरा नेहमीसारख्या आणि त्रास अधूनमधून होणारा असेल तर फुगा सोपा पडतो. शिरांची ठेवण वेगळी, सोबत एट्रियल फ्लटर (अलिंदांची वेगवान पण एकसारखी धडधड), किंवा आधीच्या ॲब्लेशनमधली फट बुजवायची असेल, तर बिंदू-बिंदूनं जाणारा कॅथेटर हवा.

अन्ननलिका डाव्या अलिंदाला अगदी खेटून असते, त्यामुळे तिला इजा होण्याचा धोका दोन्हींत असतो, अर्थात फार क्वचित. पुढच्या काही आठवड्यांत ताप आला, गिळताना दुखलं किंवा हातापायातलं बळ गेल्यासारखं वाटलं, तर तडक ॲब्लेशन केलेल्या हॉस्पिटलला कळवावं. आणि दुसरीकडे कुणी एंडोस्कोपी सुचवली, तर आधी ॲब्लेशन झाल्याचं सांगावं. अशा वेळी एंडोस्कोपी जिवावर बेतू शकते.

आता पल्स्ड फील्ड ॲब्लेशनही आलंय. त्यात भाजणं नाही, गोठवणंही नाही. विजेच्या अतिसूक्ष्म स्पंदनांनी पेशींच्या आवरणाला छिद्रं पाडतात. हृदयाच्या पेशी लवकर मरतात, अन्ननलिका आणि फ्रेनिक नस बऱ्याच अंशी बचावतात. त्यामुळे अनेक केंद्रांत वरची दोन्ही तंत्रं मागे पडू लागली आहेत.