आरसा गेला, जागा उरली

माझ्याकडची सगळ्यांत म्हातारी लेन्स म्हणजे धातूची एक नळी. आत सहा भिंगं, बाहेर फिरवायच्या दोन रिंगा: एक फोकसची, एक अ‍ॅपर्चरची, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राची. मोटर नाही, चिप नाही, विजेचा एकही संपर्क नाही. मिररलेस कॅमेऱ्याला ती लावली, की कॅमेऱ्याच्या मते लेन्स लावलेलीच नसते आणि तो शटर दाबू देत नाही. मेनूत खोल कुठेतरी ‘लेन्सशिवाय शटर’ असा पर्याय दडलेला असतो. तो चालू केला की फोटो यायला लागतात. रोलच्या जमान्यातल्या लेन्सची आणि आजच्या सेन्सरची गाठ इतक्या सहज पडते, कारण मधला आरसा गेला.

एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये ४५ अंशांत एक आरसा असायचा. तो प्रकाश वर व्ह्यूफाइंडरकडे पाठवायचा आणि फोटो काढताना टपकन वर उचलला जायचा. त्याला हलायला जागा हवी, म्हणून माउंटपासून, म्हणजे लेन्स जिथे बसते त्या कड्यापासून, फिल्मपर्यंतचं अंतर ऐसपैस ठेवावं लागे. १९५९ मध्ये आलेल्या निकॉन एफ माउंटचं हे अंतर ४६.५ मिलिमीटर, कॅनन एफडीचं ४२, आणि आट्यांनी बसणाऱ्या एम४२ माउंटचं ४५.४६. (एम४२ मधले ४२ म्हणजे आट्यांचा व्यास. एफडीच्या ४२ शी त्याचं काही नातं नाही. सुरुवातीला माझाही गोंधळ उडाला होता.) मिररलेसमध्ये आरसाच नाही, त्यामुळे हे अंतर सोनी ई माउंटमध्ये १८, कॅनन आरएफमध्ये २० आणि निकॉन झेडमध्ये तर १६ मिलिमीटरवर आलं. आता ४५.४६ मधून १८ वजा करा. उरले २७.४६ मिलिमीटर. एम४२ ची लेन्स सोनीवर चढवायला तेवढ्याच उंचीची एक नळी लागते, तिला म्हणायचं अडॅप्टर. आत काच नाही, काही नाही. आरशाची मोकळी झालेली जागा धरून ठेवायची, एवढंच तिचं काम.

पण ते काटेकोर व्हावं लागतं. ५० मिलिमीटरची लेन्स सेन्सरपासून गरजेपेक्षा ०.१ मिलिमीटर पुढे राहिली, तर तिचा फोकस २५ मीटरच्या आसपास अडतो. हिशोब सोपा आहे: फोकल लांबीचा वर्ग भागिले चूक, म्हणजे २,५०० भागिले ०.१. माझा पहिला अडॅप्टर नेमका असा केसभर लांब होता. माणसं स्वच्छ यायची, डोंगर मात्र अर्धवट झोपेतून उठल्यासारखे. कित्येक आठवडे मी लेन्सलाच बोल लावत होते. चूक लवकर सापडली नाही यालाही मीच कारण, कारण डोंगर बहुतेक वेळा एफ/८ ला टिपायचे (एफपुढचा आकडा जितका मोठा, तितकं छिद्र लहान). त्या अ‍ॅपर्चरला एवढ्या चुकीने पडणारा धूसर ठिपका साधारण ०.०१२ मिलिमीटरचा असतो; एफ/२ ला तो त्याच्या चौपट होतो. एके दिवशी एफ/२ ला चंद्रावर कॅमेरा धरला आणि सगळं उघड झालं. म्हणून बरेच अडॅप्टर मुद्दाम किंचित आखूड बनवतात. लेन्सचा फोकस मग अनंताच्याही, म्हणजे अगदी दूरच्या वस्तूंच्याही, जरा पलीकडे जातो. हे त्यातल्या त्यात बरं, फक्त रिंग टोकाला टेकवून तारे टिपायला जाऊ नये.

ऑटोफोकसच्या डीएसएलआरवर, म्हणजे आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर, जुन्या लेन्सने फोकस करणं म्हणजे अंधारात सुई ओवणं होतं. जुन्या एसएलआरच्या पडद्यावर मध्यभागी प्रतिमा दुभंगून दाखवणारे प्रिझम असत, ते या कॅमेऱ्यांतून गेले होते. मिररलेसच्या व्ह्यूफाइंडरमध्ये सेन्सरला जे दिसतं तेच आपल्याला दिसतं, आणि ते मोठं करूनही बघता येतं. शिवाय ‘पीकिंग’ असतं: शेजारशेजारच्या पिक्सेलांच्या उजळपणात जिथे एकदम फरक पडतो, त्या कडा कॅमेरा लाल किंवा पिवळ्या रंगवतो. रिंग हळूहळू फिरवली की ती लाल रेघ नाकाच्या शेंड्यावरून सरकत गालावर, मग पापण्यांवर येते. बघायला मजा वाटते. मात्र माझा तिच्यावर पूर्ण विश्वास नाही. लाल रेघ म्हणजे ‘फोकस इथेच कुठेतरी’ एवढंच. खात्री करायला प्रतिमा मोठी करूनच बघावी.

खात्री करावी लागते, कारण मोजमापच बदललं. फिल्मच्या काळात ०.०३ मिलिमीटरपर्यंतचा ठिपका ‘स्पष्ट’ धरत. या मापाने ५८ मिलिमीटरच्या लेन्सला एफ/२ ला, १ मीटरवर, फोकसच्या पुढचीमागची मिळून साधारण साडेतीन सेंटिमीटर खोली स्पष्ट मिळते. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या) सेन्सरवर एक पिक्सेल मात्र सुमारे ०.००६ मिलिमीटरचा, म्हणजे त्या ठिपक्याच्या एक पंचमांश. फोटो स्क्रीनवर पूर्ण मोठा करून पाहणाऱ्याला ती साडेतीन सेंटिमीटर जेमतेम ७ मिलिमीटर वाटते. लेन्सच्या अंगावर कोरलेल्या खोलीच्या खुणा जुन्या मापाच्या आहेत. मी एफ/८ ला फोटो काढताना एफ/४ च्या खुणा धरते.

पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला आणखी एक अडचण असते, आणि लोक नेमकं तिच्याच प्रेमात पडतात. गोलाकार भिंगाच्या काठावरून येणारे किरण मधल्या किरणांपेक्षा जास्त वळतात आणि थोडे अलीकडे एकत्र येतात. हे गोलीय विपथन. त्यामुळे धारदार प्रतिमेवर धुक्याचा पातळ थर चढतो. चेहऱ्याला तो शोभतो, पाटीवरच्या अक्षरांना नाही. अ‍ॅपर्चर बंद करत गेलं की काठाचे किरण कापले जातात, आणि एफ/४ ला तीच लेन्स चकित करण्याइतकी टोकदार होते. गंमत अशी की काठाचे किरण गेले की फोकसची जागाही किंचित सरकते. म्हणून ज्या अ‍ॅपर्चरला फोटो काढायचा, त्यालाच फोकस करावा.

जर्मनीच्या झाइस कंपनीच्या बायोटार या रचनेवरून सोव्हिएत संघात घडवलेली हेलिओस ४४ ही लेन्स अशाच एका ‘दोषा’साठी प्रसिद्ध आहे. तिच्या फोटोंत मागची पालवी गरगर फिरल्यासारखी दिसते. तिरक्या येणाऱ्या प्रकाशाला लेन्सच्या नळीची कड आडवी येते, त्यामुळे कोपऱ्यातले प्रकाशाचे गोल ठिपके कापले जाऊन डोळ्याच्या आकाराचे होतात, आणि हे सगळे डोळे मध्यबिंदूभोवती फेर धरतात. भोवरा काठाला असतो. म्हणून लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात, जिथे फक्त मधला भाग टिपला जातो, तो बराचसा छाटला जातो. हेलिओस लावूनही भोवरा दिसत नाही म्हणून हिरमुसलेल्यांपैकी निम्म्यांची अडचण हीच असावी.

काचेच्या एका उघड्या पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. चार गटांत सहा भिंगं असतील तर हवा आणि काच यांच्या सीमा आठ, म्हणजे कोटिंग नसेल तर चौथ्या हिश्शाहून जास्त प्रकाश वाटेतच गळतो, आणि त्यातला काही आत भटकून काळ्या रंगाचा राखाडी करतो. झाइसमधल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये परावर्तन कमी करणाऱ्या थराचं पेटंट घेतलं, तेव्हापासून हे आटोक्यात यायला लागलं. तरी जुन्या लेन्सला आजही हूड, म्हणजे पुढे आडोशाची कड, लावावं: सेन्सर फिल्मपेक्षा चकचकीत असतो, तो स्वतःच प्रकाश मागच्या भिंगाकडे परतवतो.

काही जुन्या लेन्स पिवळ्या पडलेल्या दिसतात. पेंटॅक्सच्या सुपर टाकुमार ५० मिलिमीटर एफ/१.४ च्या एका आवृत्तीत, तशाच इतरही काहींत, काचेत थोरियम ऑक्साइड मिसळलेलं होतं. त्यामुळे काच प्रकाश जास्त वाकवते, तरी रंग फारसे फाकवत नाही. थोरियम किरणोत्सारी आहे. त्याचं अर्धायुष्य सुमारे १,४०० कोटी वर्षांचं. वर्षानुवर्षांच्या किरणोत्सर्गाने काचेतले इलेक्ट्रॉन जागचे हलून दोषांमध्ये अडकतात, आणि काच चहासारखी होते. अतिनील प्रकाशात ते सुटतात. काही दिवस किंवा आठवडे उन्हात ठेवली की लेन्स बरीच निवळते. वापरायला ती भीतिदायक नाही. फक्त काच घासायची नाही आणि भिंग डोळ्याला लावून बघत बसायचं नाही.

खरा विसंवाद सेन्सरच्या पुढ्यात असतो. तिथे फिल्टर आणि संरक्षक काच यांचा थर असतो, अनेक कॅमेऱ्यांत सुमारे २ मिलिमीटरचा. फिल्मपुढे असं काही नव्हतं. सरळ येणारे किरण या काचेमुळे साधारण ०.७ मिलिमीटर मागे जाऊन मिळतात. तिरके किरण त्याहून वेगळ्या जागी. मागचं भिंग फिल्मला जवळजवळ टेकलेल्या, रेंजफाइंडर (लेन्समधून न बघता बाजूच्या खिडकीतून बघायच्या, आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांच्या वाइड लेन्सचे किरण कोपऱ्यात फारच तिरके पडतात, म्हणून त्यांचे कोपरे फासल्यासारखे येतात. एसएलआरच्या वाइड लेन्सना हा त्रास बराच कमी. मागे आरसा होता, त्यामुळे त्यांचं शेवटचं भिंग लांब ठेवावंच लागलं होतं, आणि तिथून निघालेले किरण कोपऱ्यापर्यंत बऱ्यापैकी सरळ पोचतात.